एकटी चालवली की पास, सगळ्यांत चालवली की नापास: क्लासच्या टेस्टची नेहमीची तक्रार

"दादा, ही टेस्ट एकटी चालवली की पास होते. सगळी फाइल चालवली की नापास. परत एकटी चालवली की पुन्हा पास. कंप्युटरच बिघडलाय का?"

पायथन शिकणाऱ्या मुलामुलींकडून हे गाऱ्हाणं मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता स्क्रीन बघायच्या आधीच विचारतो: "लिस्ट कुठे ठेवली आहेस? क्लासच्या खाली उघड्यावर, की इनिटच्या आत?" (इनिट म्हणजे नवा ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणारी मेथड.) समोरचा थोडा गोंधळतो, मग लॅपटॉप माझ्याकडे वळवतो, आणि बहुतेक वेळा ती लिस्ट उघड्यावरच सापडते. कंप्युटर बिघडलेला नसतो. टेस्टही बिघडलेली नसते. उलट ती बिचारी खरं बोलत असते आणि आपण तिलाच गप्प करायला निघालेलो असतो.

आधी एक सूचना. खालचा सगळा कोड मी देवनागरीत लिहिलाय, वाचताना डोळ्यांना अडखळायला नको म्हणून. तो जसाच्या तसा चिकटवू नका. क्लास, डेफ, फॉर, रिटर्न हे पायथनचे स्वतःचे शब्द रोमन लिपीतच टाइप करावे लागतात. व्हेरिएबलची आणि मेथडची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत खुशाल चालतात. आकड्यांची गंमत वेगळीच आहे: कोडमध्ये २०० असं देवनागरीत लिहिलंत तर पायथन वाक्यरचनाच चुकली म्हणतो, पण तेच अवतरणचिन्हांत घालून इंट फंक्शनला दिलंत तर गुपचूप दोनशे करून देतो.

आता उदाहरण. बचतगटाचा हिशेब घेऊ. महिन्याला प्रत्येक सभासद हप्ता भरते, सचिव वहीत लिहून घेते, शेवटी एकूण जमा किती ते बघायचं. नवशिक्याने लिहिलेला क्लास साधारण असा असतो:

क्लास बचतगट:
    हप्ते = []

    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव):
        सेल्फ.नाव = नाव

    डेफ हप्ता_भरा(सेल्फ, सभासद, रक्कम):
        सेल्फ.हप्ते.अपेंड((सभासद, रक्कम))

    डेफ एकूण_जमा(सेल्फ):
        रिटर्न सम(रक्कम फॉर सभासद, रक्कम इन सेल्फ.हप्ते)

आणि त्याच्या तीन टेस्ट:

क्लास टेस्टबचतगट(युनिटटेस्ट.टेस्टकेस):

    डेफ टेस्ट_एक_हप्ता(सेल्फ):
        गट = बचतगट("सावित्री")
        गट.हप्ता_भरा("मंगल", २००)
        सेल्फ.असर्टइक्वल(गट.एकूण_जमा(), २००)

    डेफ टेस्ट_दोन_हप्ते(सेल्फ):
        गट = बचतगट("सावित्री")
        गट.हप्ता_भरा("मंगल", २००)
        गट.हप्ता_भरा("शांता", ३००)
        सेल्फ.असर्टइक्वल(गट.एकूण_जमा(), ५००)

    डेफ टेस्ट_नवा_गट_रिकामा(सेल्फ):
        गट = बचतगट("सावित्री")
        सेल्फ.असर्टइक्वल(गट.एकूण_जमा(), ०)

वाचून बघा. तिन्ही टेस्ट सरळ आहेत; असर्टइक्वल आलेला आणि अपेक्षित आकडा सारखे आहेत का ते बघतो. प्रत्येकीत नवा गट केलाय, कुठे काही चोरून ठेवलेलं नाही. एकेक चालवली तर तिन्ही पास. एकत्र चालवल्या की पहिली पास होते, दुसरी म्हणते "७०० != ५००", आणि तिसरी म्हणते "७०० != ०". नुकत्याच जन्मलेल्या गटात सातशे रुपये!

हा सातशेचा आकडा सोडू नका, सगळा माग त्यातच आहे. पहिल्या टेस्टचे २००, अधिक दुसरीचे ५००. म्हणजे दुसऱ्या टेस्टच्या "नव्या" गटाला पहिल्या टेस्टची जमा वारशात मिळाली. नापास टेस्ट बघताना नुसतं लाल अक्षर बघून कोडकडे पळू नका. अपेक्षित आणि आलेला, दोन्ही आकडे कागदावर लिहा आणि त्यांची वजाबाकी करा. ७०० वजा ५०० बरोबर २००. हे २०० कुणाचे? मंगलचे, मागच्या टेस्टमधले. निम्मं निदान तिथेच होतं.

आता ही अडचण भुताटकीसारखी का वाटते ते सांगतो. युनिटटेस्ट, म्हणजे पायथनबरोबर येणारं टेस्ट चालवायचं साधन, आपल्या टेस्ट फाइलमधल्या क्रमाने चालवत नाही, नावांच्या अक्षरक्रमाने चालवतो. वरच्या नावांत "टेस्ट_" एवढंच रोमन ठेवून पुढचं देवनागरीत लिहिलंत तर क्रम होतो एक, दोन, नवा. सगळं रोमनमध्ये लिहिलंत तर "दोन" हा "एक"च्या आधी येतो, कारण डी हे अक्षर ई च्या आधी. मग दोन हप्त्यांची टेस्ट पास होते आणि एक हप्त्याची नापास होते. कोडमध्ये काहीही न बदलता, फक्त नाव बदलल्यामुळे! पायटेस्ट हे टेस्ट चालवायचं दुसरं साधन वापरून साध्या फंक्शनच्या रूपात टेस्ट लिहिल्या असतील तर त्या फाइलमध्ये लिहिल्या त्या क्रमाने चालतात, म्हणजे तिथे तिसराच प्रकार दिसू शकतो. दोन मैत्रिणी शेजारी बसून तोच क्लास तपासतायत आणि एकीची ही टेस्ट नापास, दुसरीची ती. अशा वेळी माणूस कंप्युटरवर संशय घेणारच.

कारण काय? "हप्ते = []" ही ओळ क्लासच्या अंगात आहे, कुठल्याही मेथडमध्ये नाही. ती ओळ पायथन एकदाच चालवतो, क्लास तयार होताना. म्हणजे लिस्ट एकच बनली. पुढे तुम्ही दहा गट करा की शंभर, वही एकच. गावातल्या सगळ्या बचतगटांनी मिळून चावडीच्या खिळ्याला एकच वही टांगावी आणि प्रत्येकीने ती आपलीच समजून त्यात लिहावं, तसं हे झालं. "सेल्फ.हप्ते" म्हटल्यावर पायथन आधी त्या ऑब्जेक्टकडे बघतो: तुझ्याकडे हप्ते आहेत का? नाहीत. मग क्लासकडे जातो, तिथे लिस्ट सापडते, आणि अपेंड त्याच लिस्टमध्ये होतं. "सेल्फ" लिहिलं म्हणजे वस्तू स्वतःची झाली, हा समज इथे फसतो.

इथे एक हुशार प्रश्न हमखास येतो: "पण मी आधीच्या प्रोग्रॅममध्ये असंच 'एकूण = ०' क्लासखाली लिहिलं होतं, तेव्हा तर काही झालं नाही." बरोबर. कारण "सेल्फ.एकूण += रक्कम" म्हटल्यावर पायथन क्लासवरचा शून्य वाचतो, त्यात रक्कम मिळवतो आणि उत्तर ऑब्जेक्टवर नव्याने ठेवतो. आकडा जागच्या जागी बदलता येत नाही, त्यामुळे नवा आकडा आपोआप ऑब्जेक्टच्या मालकीचा होतो. लिस्ट, डिक्शनरी, सेट यांच्यात जागेवर भर घालता येते, म्हणून त्या सगळ्यांच्या सामाईक राहतात. चूक दोन्हीकडे तीच; आकड्याने ती झाकली, लिस्टने उघडी पाडली. वर्षभर आकड्यांनी झाकलेली सवय पहिल्या लिस्टबरोबर अंगावर येते ती अशी.

खात्री करायची असेल तर टेस्ट बाजूला ठेवून पायथनच्या प्रॉम्प्टवर चार ओळी टाइप करा:

अ = बचतगट("सावित्री")
ब = बचतगट("जिजाऊ")
अ.हप्ता_भरा("मंगल", २००)
अ.हप्ते इज ब.हप्ते

शेवटच्या ओळीचं उत्तर ट्रू आलं तर वही एकच आहे. काही जण यासाठी ऑब्जेक्टची "__डिक्ट__", म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावावर काय काय आहे त्याची यादी, छापून बघतात. तेही ठीक, पण एक खाच आहे. अपेंडऐवजी "सेल्फ.हप्ते += [...]" लिहिलं असेल तर पायथन सामाईक लिस्टमध्येच भर घालतो आणि वर तीच लिस्ट ऑब्जेक्टच्या नावावरही चढवतो. मग डिक्टमध्ये हप्ते दिसतात, तुम्ही निश्चिंत होता, आणि वही अजून चावडीवरच. म्हणून "इज"ने बघा. ते फसवत नाही.

दुरुस्ती एका ओळीची. क्लासखालची "हप्ते = []" काढा आणि इनिटमध्ये लिहा:

    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव):
        सेल्फ.नाव = नाव
        सेल्फ.हप्ते = []

इनिट प्रत्येक गटासाठी नव्याने चालतो, म्हणून वहीसुद्धा प्रत्येकाची नवी. तिन्ही टेस्ट कुठल्याही क्रमाने चालवा, पास.

पण इथे थांबू नका. वरच्या तीन टेस्टपैकी एकीनेही "दोन गटांचे पैसे एकमेकांत मिसळत नाहीत" हे थेट विचारलेलं नव्हतं. ही चूक आपल्याला टेस्टच्या क्रमामुळे, म्हणजे नशिबाने सापडली. फाइलमध्ये एकच टेस्ट असती तर सापडलीच नसती. म्हणून चौथी लिहा:

    डेफ टेस्ट_दोन_गटांची_वही_वेगळी(सेल्फ):
        सावित्री = बचतगट("सावित्री")
        जिजाऊ = बचतगट("जिजाऊ")
        सावित्री.हप्ता_भरा("मंगल", २००)
        सेल्फ.असर्टइक्वल(जिजाऊ.एकूण_जमा(), ०)

लिस्ट किंवा डिक्शनरी बाळगणाऱ्या प्रत्येक क्लाससाठी मी ही "दोन ऑब्जेक्ट" टेस्ट लिहायला लावतोच. कंटाळवाणी वाटते, पण एकटी चालवली तरी हा दोष पकडते.

आता लोक याऐवजी काय काय करतात ते सांगतो, कारण खरा तोटा तिथे होतो. सगळ्यात जास्त दिसणारा उपाय म्हणजे सेटअपमध्ये, प्रत्येक टेस्टच्या आधी आपोआप चालणाऱ्या मेथडमध्ये, "बचतगट.हप्ते.क्लिअर()" लिहिणं. प्रत्येक टेस्टच्या आधी चावडीवरची वही कोरी. टेस्ट हिरव्या होतात, मुलगा खूश, आणि प्रत्यक्ष वापरात जिजाऊ गटाच्या खात्यात सावित्री गटाचे पैसे दिसत राहतात, कारण तिथे सेटअप चालवायला कोण येणार? दुसरा उपाय: टेस्टना टेस्ट_१, टेस्ट_२ अशी नावं देऊन क्रम पक्का करायचा. तो नऊ टेस्टपर्यंत टिकतो. टेस्ट_१० ही अक्षरक्रमाने टेस्ट_२च्या आधी येते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिसरा उपाय मी एकदाच पाहिलाय, पण विसरलो नाही. एकाने अपेक्षित आकडाच ५०० चा ७०० केला आणि वर शेरा लिहिला, "का ते माहीत नाही, पण ७०० येतात." प्रामाणिकपणाबद्दल त्याला मार्क द्यावेत असं वाटलं होतं.

लिस्ट इनिटमध्ये आहे आणि तरी हेच लक्षण दिसतंय? मग तीच वही दुसऱ्या कुठल्या खिळ्याला टांगली आहे ते शोधायचं.

पहिला खिळा इनिटच्या कंसात असतो: "डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, हप्ते=[])". आधीपासूनचे हप्ते देता यावेत म्हणून ही सोय केलेली असते. पण बरोबरच्या चिन्हानंतरची ती रिकामी लिस्ट डेफ ही ओळ चालते तेव्हा एकदाच बनते. प्रत्येक कॉलला नवी बनत नाही. ज्या गटांना हप्ते दिले नाहीत, ते सगळे ती एकच लिस्ट वापरतात. इलाज: कंसात "हप्ते=नन" लिहा, आणि आत "इफ हप्ते इज नन" असेल तर नवी लिस्ट द्या. डेटाक्लास (इनिट आपोआप लिहून देणारी पायथनची सोय) वापरत असाल तर तुम्ही सुखी आहात. तिथे उघडी लिस्ट डिफॉल्ट म्हणून दिलीत की पायथन व्हॅल्यूएरर देऊन थांबतो आणि डिफॉल्ट-फॅक्टरी वापरा म्हणून सांगतो. साध्या क्लासला मात्र कुणी हटकत नाही.

दुसरा खिळा टेस्टच्या फाइलमध्ये असतो. फाइलच्या माथ्यावर, सगळ्या टेस्टच्या बाहेर, "गट = बचतगट("सावित्री")" लिहिलेलं असतं, पुन्हा पुन्हा टाइप करायचा कंटाळा म्हणून. क्लास निर्दोष, पण गटच एक. हा दोष मात्र खरोखर टेस्टचा, आणि इथे सेटअप हाच योग्य इलाज. युनिटटेस्ट प्रत्येक टेस्ट मेथडसाठी टेस्टक्लासचा नवा ऑब्जेक्ट करतो आणि तिच्या आधी सेटअप चालवतो. त्यात "सेल्फ.गट = बचतगट("सावित्री")" लिहा की प्रत्येक टेस्टला कोरा गट मिळतो. फक्त स्पेलिंग सांभाळा: रोमनमध्ये लिहिताना त्यातला यू कॅपिटल हवा. सगळी अक्षरं लहान लिहिलीत तर युनिटटेस्ट त्या मेथडकडे ढुंकूनही बघत नाही आणि तुम्हाला "गट नावाचं ॲट्रिब्यूट नाही" अशी एरर येते. पायथनमध्ये सगळीकडे छोटी अक्षरं आणि अंडरस्कोर, मग इथेच हा उंटाचा कुबड का? कारण हे घराणं जावाकडून आलंय. केंट बेक आणि एरिक गामा यांच्या जेयुनिटच्या धर्तीवर स्टीव्ह पर्सेलने पायथनसाठी ते केलं, २००१ च्या पायथन २.१ पासून ते पायथनबरोबरच येतं, आणि येताना नावांची ढब घेऊन आलं.

सेटअपक्लास हे वेगळं प्रकरण आहे. ते पूर्ण क्लाससाठी एकदाच चालतं. तिथे गट केलात तर पुन्हा चावडीची वही. फक्त वाचण्यापुरती लागणारी जड गोष्ट, मोठी फाइल वगैरे, तिथे ठेवावी. जिच्यात भर पडणार आहे ती ठेवू नये.

तिसरा खिळा जरा लपलेला असतो. टेस्टमध्ये एक "नमुना_हप्ते" लिस्ट केलेली असते आणि ती दोन गटांना दिलेली असते. क्लास ती तशीच "सेल्फ.हप्ते = हप्ते" म्हणून ठेवून घेतो. एका गटात भर पडली की नमुना बदलतो, आणि नमुना बदलला की दुसरा गट. क्लासमध्ये "सेल्फ.हप्ते = लिस्ट(हप्ते)" लिहा, म्हणजे नक्कल घेतली जाईल.

टेस्ट शेकड्यांनी असतील आणि कुठली कुणाला बिघडवते ते कळत नसेल, तर युनिटटेस्टच्या कमांडला दोन टेस्टची पूर्ण नावं एकापुढे एक द्या. दिलेल्या क्रमाने तो त्या दोनच चालवतो. मग क्रम उलटा करून पुन्हा चालवा. एका क्रमाने पास आणि दुसऱ्या क्रमाने नापास झाली, की जोडी सापडली. सगळ्या जोड्या करत बसू नका. नापास टेस्टच्या आधीच्या टेस्टपैकी निम्म्या घ्या, तरी नापास होते का बघा, मग त्यातल्या निम्म्या. शब्दकोशात शब्द शोधतो तसं.

याच घराण्यातली एक सावत्र तक्रार आहे: "काल पास होती, आज नापास." कुणी कोडला हात लावलेला नाही. अशा वेळी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघा. समजा गटाचा नियम आहे की हप्ता १० तारखेपर्यंत भरायचा, नंतर १० रुपये दंड. मेथडमध्ये आत "डेट.टुडे()" विचारून दंड काढला असेल, तर तुमची "दंड शून्य" ही टेस्ट महिन्याचे पहिले दहा दिवस पास होईल आणि अकराव्या दिवशी लाल होईल. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला आपोआप बरी होईल, त्यामुळे मधे कुणी शोध घेतलाच तर त्याला काही सापडत नाही. इथे खऱ्या तारखेच्या जागी खोटी बसवणारी मॉक, पॅच वगैरे शस्त्रं काढायची नवशिक्याला गरज नसते. तारीख बाहेरून द्या: "डेफ दंड(सेल्फ, भरल्याची_तारीख)". मग टेस्टमध्ये दोनच तारखा पुरतात, १० आणि ११. पाच तारीख तपासून काही कळत नाही. "पेक्षा लहान" आणि "पेक्षा लहान किंवा बरोबर" यांतली गल्लत दहालाच उघडी पडते.

आणि सोय म्हणून "भरल्याची_तारीख=डेट.टुडे()" असं कंसात लिहायचा मोह आवरा. वरचा पहिला खिळा आठवा: ती तारीख डेफ चालते तेव्हा एकदाच ठरते. प्रोग्रॅम आठवडाभर बंद न करता चालू असेल, तर आठवडाभर त्याच्या दृष्टीने सोमवारच.

आतापर्यंत नाहक लाल होणाऱ्या टेस्टचं झालं. खोट्या हिरव्या टेस्टची भीती मला जास्त वाटते, कारण त्यांच्याबद्दल विचारायला कुणी येतच नाही. टेस्ट चालवल्यावर शेवटी "ओके" दिसलं की लगेच उठू नका. त्याच्या वरच्या ओळीत किती टेस्ट चालल्या तो आकडा वाचा. चार लिहिल्या आणि तीन चालल्या, तर बहुधा दोन मेथडना एकच नाव दिलंय. नंतरचीने आधीचीला पुसून टाकलं, पायथन कुरकुरतही नाही. शून्य चालल्या, तर मेथडचं नाव "टेस्ट" ने सुरू होत नाही, किंवा फाइलचं नाव तसं सुरू होत नाही. मला स्वतःला हा फटका असा बसला की मेथडचं नाव हौसेने पूर्ण देवनागरीत लिहिलं होतं, टेस्ट हा शब्दसुद्धा. पायथनला नाव मान्य, पण युनिटटेस्ट रोमन अक्षरांतली टेस्ट शोधत होता. जुना पायथन शून्य टेस्ट चालवूनही ओके म्हणायचा. ३.१२ पासून तो "एकही टेस्ट चालली नाही" असं स्पष्ट सांगतो.

"सेल्फ.असर्टट्रू(गट.एकूण_जमा(), ५००)" ही ओळ तर मी कितीदा पाहिलीय. लिहिणाऱ्याला वाटतं दोन्हींची तुलना होतेय. इथला दुसरा आकडा म्हणजे नापास झाल्यावर दाखवायचा संदेश. जमा शून्य नसली की टेस्ट पास, मग ती सात रुपये असो की सातशे. तुलनेला असर्टइक्वलच. आणि मेथडच्या नावापुढचे कंस विसरलात, नुसतं "गट.एकूण_जमा" लिहिलंत, तर असर्टइक्वल निदान "बाउंड मेथड... != ५००" असं काहीतरी विचित्र बोलून इशारा देतो, असर्टट्रू मात्र डोळे झाकून पास करतो, कारण मेथड ही वस्तू कायम खरीच.

"नन != ५००" आलं तर मेथडमध्ये रिटर्नऐवजी प्रिंट लिहिलंय. स्क्रीनवर आकडा दिसतो म्हणून मुलं हट्टाला पेटतात, "येतंय की ५००!" तुम्हाला येतंय, टेस्टला येत नाही.

चूक झाली पाहिजे हे तपासताना, म्हणजे उणे ५० रुपयांचा हप्ता भरल्यावर व्हॅल्यूएरर यायलाच हवी हे बघताना, "सेल्फ.असर्टरेझेस(व्हॅल्यूएरर, गट.हप्ता_भरा("मंगल", -५०))" असं लिहू नका. कंसातली मेथड आधी चालते, एरर असर्टरेझेसपर्यंत पोचायच्या आतच उडते. "विथ सेल्फ.असर्टरेझेस(व्हॅल्यूएरर):" लिहून खालच्या ओळीत, आत सरकवून, हप्ता भरा. अशी चूक झाली की निकालात एफ ऐवजी ई हे अक्षर येतं. हा फरक लक्षात ठेवा: एफ म्हणजे तुलना जमली नाही, ई म्हणजे तुलनेपर्यंत पोचायच्या आत गाडी रुळावरून घसरली. ई दिसल्यावर अपेक्षित आकड्यांशी झटापट करण्यात अर्थ नसतो.

परत आपल्या मूळ तक्रारीकडे. दुरुस्ती करून झाली, चारही टेस्ट हिरव्या आल्या, की एक काम करा. "हप्ते = []" ही ओळ मुद्दाम इनिटमधून उचलून परत क्लासखाली ठेवा, आणि फक्त टेस्ट_दोन_गटांची_वही_वेगळी एकटी चालवा. ती "२०० != ०" म्हणाली पाहिजे. म्हणाली नाही, तर ती टेस्ट नुसतीच शोभेची आहे, तिच्यातल्या ओळी नीट बघा. घाईत हप्ता भरायची किंवा जमा तपासायची ओळच राहिलेली असते. म्हणाली, तर ओळ जागेवर ठेवा, सगळी फाइल एकदा चालवा आणि कमिट करा.